चौथं नाव : आण्णांच्या पश्चात वारसाच्या कामाच्या नोंदी

२ जुलै २०२३, रविवार. गाव (सातारा तालुका)

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन आज चोवीस दिवस झाले. तेरावा उरकला, पाहुणे गेले, दादा दुबईला परतला. आज आईने पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "काय आहे ते एकदा बघ बाई, मला उघडवत नाही." या वहीत रोजचं लिहून ठेवते, म्हणजे कुठल्या कार्यालयात काय बोलणं झालं ते विसरायला नको.

ट्रंकेत सापडलं ते असं:
दोन ठेव पावत्या. एक ₹४,००,००० ची, नॉमिनी दादा. दुसरी ₹९,६०,००० ची. ही एसटीतून निवृत्त झाल्यावर आलेल्या पैशाची, तेव्हापासून नूतनीकरण करत आणलेली. तिच्यावर नॉमिनीचा रकाना कोरा आहे.
विम्याची पॉलिसी, नॉमिनी आई. त्याचं काम सरळ आहे.
सातबारा उतारा, खातेउतारा, घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८.
मृत्युपत्र नाही. दोनदा शोधलं. आण्णांना अशा गोष्टी लिहून ठेवायची सवय नव्हती. तोंडी हिशोब मात्र पैशापैशाचा लक्षात असायचा.

५ जुलै, बुधवार

ग्रामपंचायतीतून मृत्यू दाखल्याच्या दहा प्रती घेतल्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली होती, त्यामुळे पुढचा त्रास वाचला. मात्र दाखल्यावर आण्णांच्या नावापुढे 'राव' आहे, बँकेत नाही, आणि सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाची वेलांटी वेगळी. वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नाही. माणूस गेल्यावर मात्र ती वेलांटी पुढ्यात येऊन उभी राहते.

१० जुलै, सोमवार

नॉमिनी असलेल्या ठेवीचं काम लगेच झालं. दादाचे कागद त्याने जाण्याआधीच दिले होते, पैसे त्याच्या खात्यात जातील. नॉमिनी नसलेल्या ठेवीसाठी शाखेतले अधिकारी म्हणाले, "रक्कम आमच्या मर्यादेच्या वर आहे, कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट लागेल." रिझर्व्ह बँकेने २००५ मध्येच बँकांना सांगितलंय की वारसांत वाद नसेल तर साध्या कागदांवर दावा निकाली काढा. पण ती सवलत कुठल्या रकमेपर्यंत द्यायची, हे सध्या (२०२३ मध्ये) बँकेने स्वतः ठरवायचं आहे. आमची ठेव त्या रेषेच्या पलीकडची. वाद घालून उपयोग नव्हता.

बाहेर पडताना शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, "प्रोबेट काढा." दुसऱ्यांनी सांगितलं, "तहसीलदाराचा दाखला बास आहे." कोणाचं खरं?

१५ जुलै, शनिवार. सातारा

वकील मॅडमकडे दीड तास बसले. जे समजलं ते माझ्या भाषेत:

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची मोहोर. मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेटचा प्रश्न येत नाही. मुंबईतल्या मालमत्तेच्या मृत्युपत्रांना सध्या (२०२३ मध्ये) ते सक्तीचं आहे, म्हणून तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे.
वारस दाखला १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली मिळतो. मयताचे कायदेशीर वारस कोण, एवढं तो सांगतो. दोनशे वर्षांपूर्वीचा तो नियम आपल्याकडे आजही चालतो.
सक्सेशन सर्टिफिकेट १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३७२ खाली. येणी, ठेवी, शेअर, रोखे यांच्यासाठी. आम्हाला हेच हवं.
तहसीलदाराचा दाखला पेन्शन वगैरेला चालतो, या ठेवीला नाही.
जमिनीसाठी कोर्टात जायची गरज नाही, वाद नसेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीची वर्दी द्यायची.

मग त्यांनी वारसांची नावं विचारली. मी लिहून नेलेला कागद पुढे केला: आई, दादा, मी.

त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "वडिलांच्या आई आहेत का?"

आहे. सत्त्याऐंशी वर्षांची आजी, आमच्याच घरात, पुढच्या खोलीत, आण्णांच्या खुर्चीशेजारी. तेरा दिवस तिने पाण्याशिवाय फारसं काही घेतलं नव्हतं. आणि मी तिचं नाव लिहिलं नव्हतं.

हिंदू वारसा कायदा, १९५६. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गातले वारस म्हणजे मुलगा, मुलगी, विधवा आणि आई. चौघांना समान. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे ठेवीचे चार वाटे, प्रत्येकी ₹२,४०,०००.

पुण्याला येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत बसले. मुलगा गेल्यावर त्याची आई त्याची वारस होते, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळतंय.

१६ जुलै, रविवार

मामाचा फोन. त्याचं म्हणणं आईच्या काळजीपोटी होतं, हे आधी लिहून ठेवते. "आजीचं नाव घातलंत तर उद्या तिच्या माघारी तिचा वाटा तुझ्या काकाकडे आणि आत्यांकडेही जाणार. तुझ्या आईचं काय? आत्ताच आजीकडून हक्कसोड घ्या. थोडक्या रकमेच्या स्टॅम्पवर होतंय."

कायद्याच्या अंगाने तो चुकीचं बोलत नव्हता. आजीचा वाटा तिचा, तिच्या पश्चात तो तिच्या लेकरांत आणि गेलेल्या लेकाच्या मुलांत जाणार. आईने फोन ऐकला, काही बोलली नाही. भाकरी थापत राहिली.

२४ जुलै, सोमवार. तलाठी कार्यालय

वारस नोंदीची वर्दी दिली. मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, खातेउतारा, पोलीस पाटलांचा दाखला. वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आम्ही वेळेत आहोत. प्रतिज्ञापत्रात चार नावं लिहिली, आजीचं पहिलं. नोंद आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये, मग फेरफार (जमिनीच्या दप्तरातल्या बदलाची नोंद), मग पंधरा दिवस नोटीस चावडीवर, आणि हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं.

तलाठी भाऊसाहेब चांगले आहेत, सावकाश समजावून सांगतात. म्हणाले, "जमीन तुमच्या वडिलांकडे कशी आली तो जुना फेरफार काढून ठेवा ताई, नावाच्या वेलांटीलाही उपयोगी पडेल." तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज दिला.

४ ऑगस्ट, शुक्रवार

नक्कल मिळाली. १९८८ चा फेरफार, आजोबा गेल्यानंतरचा. मळकट झेरॉक्स, पण अक्षर टपोरं. वारस म्हणून पाच नावं: विधवा, दोन मुलगे, दोन मुली. त्याखाली दुसऱ्या शाईत: विधवा व मुलींनी आपला हक्क हिस्सा राजीखुशीने सोडला आहे, सबब मुलांची नावे दाखल. शेवटी दोन आत्यांच्या सह्या आणि आजीचा अंगठा.

अंगठा.

आजीला सही येते. आण्णा चौथीत असताना त्यांनीच तिला पाटीवर शिकवली. ही गोष्ट आमच्या घरात शंभरदा सांगितली गेलीय. चुलीपुढे बसून ती गिरवायची आणि आण्णा मास्तरासारखे छडी घेऊन उभे. ते १९६३ च्या सुमाराचं. मग १९८८ मध्ये अंगठा का?

५ ऑगस्ट, शनिवार. गाव

आजीला कागद दाखवला. तिला वाचता येत नाही, पण अंगठा ओळखला. बोट फिरवून पाहिलं.

"सही येत होती ना गं तुला?"

"येत व्हती की."

"मग?"

"भाऊसाहेब बोलला, म्हातारे, सही हलती तुझी, अंगठाच बरा. तवा म्हातारी बी नव्हते मी." थोडं थांबून म्हणाली, "तुझ्या आण्णानंच हात धरला व्हता. अंगठा नीट उठावा म्हनून."

मी काही विचारलं नाही. आण्णा तेव्हा पस्तीस वर्षांचे. त्यांच्या मनात काळं-बेरं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्या काळी तशीच रीत होती, बहिणींनी आणि आईने सोडायचं, आणि त्यांनी तिला शेवटपर्यंत सांभाळलं. तरी तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्या हाताने सही शिकवली त्याच हाताने अंगठा उठवून घेतला.

रात्री आई आपणहून म्हणाली, "हक्कसोड नको. मामाला मी सांगते." दादाशी व्हिडिओ कॉल झाला. तो म्हणाला, "माझ्या खात्यात आलेल्या चार लाखांचेही चार वाटे करायचे. नॉमिनी म्हणून आलेत, माझे म्हणून नाही." दादाचं मला फार कौतुक वाटलं, आणि ते त्याला बोलून दाखवलं.

९ ऑगस्ट, बुधवार. सातारा न्यायालय

अर्ज दाखल. अर्जात काय काय लागतं ते कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते: मृत्यूची तारीख, मयताचं शेवटचं राहतं ठिकाण (कोर्टाची हद्द त्यावरून ठरते), सगळ्या जवळच्या नातेवाइकांची नावं-पत्ते, आपण कुठल्या नात्याने मागतो, दाखला द्यायला कायद्याची आडकाठी नाही हे विधान, आणि खाली येण्यांचं परिशिष्ट. ठेव पावतीचा क्रमांक एका अंकानेही चुकता कामा नये. नावातल्या फरकासाठी 'अमुक उर्फ तमुक' आणि एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र.

आई आणि मी अर्जदार. दादा परदेशात, आजी थकलेली, म्हणून ते दोघे जाबदेणार. वाद नसला तरी कागदावर दुसरी बाजू लागते.

आजीला संध्याकाळी सांगितलं. "जाबदेणार? मी कुनाला जाब देऊ? माझाच पोरगा गेला." तिला समजावताना माझी जीभ अडखळली. कोर्टाच्या मराठीत हा शब्द रोज शेकड्यांनी लिहिला जातो, पण घरात उच्चारला की टोचतो.

२३ ऑगस्ट, बुधवार

पहिली तारीख. पुकारा दुपारी तीनच्या पुढे झाला. आदेश: जाहीर प्रकटन काढावे, जाबदेणारांना नोटीस. दोन मिनिटं लागली. परतताना खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबलो, सहाची वेळ. टपरीवाल्याने मोबाईल बरणीला टेकवून ठेवला होता आणि पंधरावीस माणसं श्वास रोखून उभी होती. चांद्रयान उतरलं. आण्णा असते तर त्यांनी एसटीच्या इंजिनाची भाषा वापरून ते मला समजावून दिलं असतं.

६ सप्टेंबर, बुधवार

प्रकटन वर्तमानपत्रात आलं. "ज्याअर्थी अर्जदार यांनी... त्याअर्थी कोणाची हरकत असल्यास आजपासून एक महिन्याचे आत..." चौकटीच्या मध्यभागी आण्णांचं नाव, मागे 'मयत'. आईने पान घडी करून देवघरातल्या फडताळात ठेवलं.

बेलिफ गावी येऊन आजीवर नोटीस बजावून गेला. आजीने त्याला चहा दिला. पोच म्हणून सही मागितली तेव्हा तिने सही केली. आईने मुद्दाम फोन करून सांगितलं, "तीन अक्षरं, पण सरळ आली हो."

यंदा आमच्या घरी गणपती बसणार नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

प्रकटनाचा महिना संपला, हरकत कुणाची नाही. न्यायाधीश रजेवर. पुढची तारीख १ डिसेंबर.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

दादाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र कुरिअरने आलं. दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन केलेलं. १९४८ च्या कायद्याने दूतावासातल्या अधिकाऱ्याला शपथ देण्याचा अधिकार आहे आणि त्याची सही-शिक्का इथे वेगळा सिद्ध करावा लागत नाही. दादाचा विमानाचा खर्च आणि रजा दोन्ही वाचलं. परदेशात राहणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं, आम्हाला दिवाळी उलटल्यावर सुचलं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

उद्याच्या तारखेसाठी आजीच्या पुरशिशीचा, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनाचा, मसुदा व्हॉट्सॲपवर आला. कारकुनाने नेहमीच्या नमुन्यावरून टाईप केलेला. बसमध्ये वाचत होते, चौथ्या ओळीला थांबले:

"...सदर दाखला अर्जदारांचे नावे देणेस माझी हरकत नाही. तसेच सदर रकमेतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी अर्जदारांचे लाभात राजीखुशीने सोडून दिला आहे."

राजीखुशीने. १९८८ च्या फेरफारातलाच शब्द, अक्षराला अक्षर.

वकील मॅडमना तिथूनच फोन लावला. त्यांनी लगेच मान्य केलं, म्हणाल्या की बहुतेक पक्षकारांना ते वाक्य हवंच असतं म्हणून नमुन्यात राहून गेलंय. मग नीट समजावलं. ना-हरकत वेगळी, हक्कसोड वेगळी. ना-हरकत म्हणजे बँकेतून पैसे उचलून आणायचं काम अर्जदारांनी करावं, एवढीच संमती. सक्सेशन सर्टिफिकेटने मालकी ठरत नाही. बँकेने प्रामाणिकपणे पैसे दिले की बँक मोकळी, आणि ज्याने उचलले त्याने ते बाकीच्या वारसांना त्यांच्या वाट्याप्रमाणे द्यायचे. दुसरं वाक्य मात्र सगळंच पुसून टाकतं. दोन्ही एका परिच्छेदात लागोपाठ आली तर ऐकणाऱ्याला जोडच दिसत नाही.

नवा मसुदा: "...दाखला अर्जदारांचे नावे देणेस माझी हरकत नाही. सदर रकमेतील माझा एक चतुर्थांश हिस्सा मी कायम ठेवीत आहे."

मी तो आजीला फोनवर दोनदा वाचून दाखवला. "कायम," ती म्हणाली. "ते कायम बरं हाय."

१ डिसेंबर, शुक्रवार

तारीख पुढे. पुराव्यासाठी १० जानेवारी.

१५ डिसेंबर, शुक्रवार

कालच सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, शक्ती येझदानी प्रकरण. ज्योतिर्भास्कर जयंत साळगावकर यांच्या वारसांमधला हा खटला. न्यायालयाने म्हटलं की शेअरचा नॉमिनी हा मालक होत नाही, वारसा हक्क त्याने डावलला जात नाही. विम्याच्या बाबतीत हेच १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात ठरलं होतं. चाळीस वर्षं झाली, तरी आमच्या गावात अजून "ज्याचं नाव नॉमिनीत, त्याचा पैसा" हेच चालतं. दादाला बातमी पाठवली. त्याचं उत्तर: "मी ऑगस्टमध्येच सांगितलं होतं."

१० जानेवारी २०२४, बुधवार. सातारा न्यायालय

हा दिवस नीट लिहून ठेवायचा आहे.

आजीला आणायची सक्ती नव्हती. पुरशीस घरून सही करून आणली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "मी येते. एकदा बघू दे कोर्ट." काकाने गाडी दिली आणि स्वतःच चालवली. वाटेत तो फारसं बोलला नाही. उतरताना आजीचा हात धरून त्याने तिला बाकापर्यंत नेलं.

कोर्टाच्या खोलीत गर्दी, भिंतीलगत बाकं, दाराशी बोर्ड लावलेला, आमचा नंबर एकोणतिसावा. आजी हिरव्या काठाची पांढरी साडी नेसून आली होती, पदर डोक्यावरून, मांडीवर पिशवी, पिशवीत आण्णांचा फोटो. मी विचारलं फोटो कशाला. "इचारलं तर दावायला."

माझं सरतपासाचं, म्हणजे साक्षीचं, प्रतिज्ञापत्र आधी झालं. कठड्यात उभी राहिले, शपथ घेतली, मजकूर खरा असल्याचं सांगितलं, कागदांना निशाणी, म्हणजे पुराव्याचे क्रमांक, पडल्या. मग मॅडमनी आजीची पुरशीस पुढे केली.

न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी पुरशीस वाचली आणि वर पाहिलं. "आजी, पुढे या. बसूनच बोला." शिपायाने खुर्ची दिली.

"हा कागद कशाचा आहे, माहीत आहे?"

"व्हय. माझ्या लेकाचं पैसं हायती. सूनबाई आन् नात उचलनार."

"मग तुमचं काय?"

आजीने पदर सारखा केला. "चौघांचं हायती. एक वाटा माझा. तो कायम हाय."

"कुणी जबरदस्तीने सही घेतली का?"

"न्हाई. सही अजून केलीच न्हाई. हितं करते."

खोलीत क्षणभर सगळे थांबले. न्यायाधीशांनी मान हलवली. कारकुनाने पेन दिलं, आजीने ते नाकारलं आणि पिशवीतून स्वतःचं काढलं. आण्णांचं निळं पेन, टोपणाला क्लिप नसलेलं. मान वाकवून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर. पहिल्या अक्षराचा काना वर गेला, दुसरं थोडं खाली आलं. मला वाटलं पाच मिनिटं झाली असतील, खरं तर मिनिटभरही नसेल. कुणी घाई केली नाही.

रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या टिपणात, नोंद झाली: जाबदेणार क्र. २ समक्ष हजर, पुरशीस वाचून दाखवली, मजकूर मान्य.

बाहेर आल्यावर काकाने चहा आणला. कपातला अर्धा स्वतः बशीत ओतून आजीला दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईचं नाव सातबाऱ्यावर तेव्हाच राहायला हवं होतं." मी काहीच बोलले नाही. त्याने एवढं बोलावं ही माझी अपेक्षाही नव्हती.

११ मार्च, सोमवार

नवं काम निघालं. रिझर्व्ह बँकेने गेल्या १७ ऑगस्टला 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलंय. दहा वर्षांहून जास्त काळ हात न लावलेल्या ठेवी नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून शोधता येतात. आता तीस बँका त्यात आल्यात. सहज म्हणून आण्णांचं नाव टाकलं. मग 'राव' लावून टाकलं. फलटणच्या एका शाखेत एक खातं निघालं. आण्णा फलटण डेपोत होते तेव्हाचं असणार. आईला आठवतही नव्हतं.

वकील मॅडम म्हणाल्या, अंतिम आदेश व्हायच्या आत परिशिष्टात दुरुस्ती करून घेऊ. दाखला निघाल्यावरही कलम ३७६ खाली वाढवून मिळतो, पण तो नवा अर्ज आणि नवी फी. दुरुस्ती अर्ज आणि पूरक प्रतिज्ञापत्र, दोन आठवडे लांबलं. फलटणला जाऊन शाखेतून शिल्लक लिहून आणली: व्याजासह ₹३८,४००. अर्ज करायच्या आधीच हे शोधायला हवं होतं. 'उद्गम' सुरू झालं तेव्हा आमचा अर्ज जाऊन आठवडा झाला होता, पण नंतर सात महिने मी बघितलं नाही.

२२ एप्रिल, सोमवार

आदेश झाला. अर्ज मंजूर. परिशिष्टातली दोन्ही येणी, दाखला अर्जदारांच्या नावे, चौघा वारसांची नावं आदेशात. हमीपत्र द्यायचं, कोर्ट फी भरायची. फी रकमेप्रमाणे टप्प्याटप्प्याने वाढते, राज्यात तिला ₹७५,००० ची कमाल मर्यादा आहे. आमची त्याच्या आत बसली. तरी ती मोठी रक्कम आहे, आणि पावतीवर एका नॉमिनीचं नाव असतं तर तीही लागली नसती.

नक्कल अर्ज दिला.

६ मे, सोमवार

उद्या साताऱ्यात लोकसभेचं मतदान. तलाठी भाऊसाहेब निवडणुकीच्या कामावर, मंडळ अधिकारीही. जमिनीच्या फेरफाराला नावातल्या वेलांटीवरून मध्ये एकदा त्रुटी निघाली होती, ती फेब्रुवारीत दूर केली, पण प्रमाणित व्हायचा राहिलाय. कोर्टाला उन्हाळी सुट्टी.

१२ जून, बुधवार

दाखला हातात आला. जाड कागद, लाल शिक्का, खाली न्यायाधीशांची सही. आण्णांना जाऊन वर्ष झालं त्यालाही आठवडा उलटला नाही. आईने दाखला आण्णांच्या फोटोपुढे ठेवला, मग उचलून प्लास्टिकच्या पिशवीत घातला. पावसाळा आलाय.

२८ जून, शुक्रवार

फेरफार प्रमाणित झाला. ₹१५ भरून डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर उतरवला. खातेदारांच्या रकान्यात आण्णांचं नाव कंसात गेलं, खाली चार नावं, पहिलं आजीचं. वकील मॅडमनी बजावून सांगितलंय की सातबारा हा मालकीचा निवाडा नाही, आणि वडिलोपार्जित जमिनीत कुणाचा किती वाटा हे गणित ठेवीसारखं सरळ चार भागांचं नाही. आत्यांचं १९८८ चं काय, तेही त्यातच येतं. ते आता आम्ही काका-आत्यांना बसवून बोलणार आहोत, दिवाळीच्या आत.

१० जुलै, बुधवार

ठेवीचे पैसे आईच्या आणि माझ्या नावच्या खात्यात आले. दादाने त्याच्याकडच्या चार लाखांतले तीन वाटे पाठवले.

आजीचं खातं उघडायला तिला तालुक्याच्या शाखेत नेलं. फॉर्मवर तीन ठिकाणी सही. पहिली झाली. दुसरी पहिलीशी जुळेना. काउंटरवरच्या मुलाने अदबीनेच सांगितलं, "आजी, सही हलतीय. अंगठा घेऊ का? सोपं पडेल तुम्हाला." आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

आजीने पॅड मागे लोटला.

"अंगठा नको. येळ लागंल, पन सही करते."

त्याने नवा फॉर्म दिला. मागे रांगेत सातआठ माणसं होती. आजीने पिशवीतून निळं पेन काढलं.